चिलगाडीचा हिवाळा

कापूस वेचणाऱ्या बायांचा टेम्पो पहाटे घरासमोरून जायला लागला की माझा उजवा खांदा दुखू लागतो. डॉक्टर म्हणतात, थंडीनं. असेलही. पण थंडी टेम्पोच्या आधीच आलेली असते, खांदा मात्र टेम्पोसाठी थांबलेला असतो. बाया डोक्याला फडकी बांधून दाटीनं उभ्या असतात. कुणी हसते, कुणी खोकते, एखादी पदराच्या गाठीतली सुपारी शोधत असते. टेम्पो वळणाआड जातो, धूळ खाली बसते, आणि मी अंगणात चहाचा कप हातात धरून सवयीनं वर बघतो. कडुलिंबाचं पान हलत नसतं. शेजारच्या चुलीचा धूर सरळ उभा असतो. आज वारा नाही, उडायला बरा दिवस आहे, असं मनात येतं. मग लक्षात येतं, उडायला आता काही नाही. चहा तोवर गार झालेला असतो.

मी सव्वीस वर्षं लाईनमन होतो. दिग्रसच्या आजूबाजूची खेडी, शेतातले पंप, जिनिंगच्या लाईनी. माझं आयुष्य या तारांवर गेलं. आभाळ कडाडलं की लोक घरात शिरायचे आणि मी घराबाहेर पडायचो. खांबावर चढलं की खालची माणसं लहान होतात, त्यांचं बोलणं अर्धवट ऐकू येतं, आणि काम संपल्यावरही दोन मिनिटं उगाच वर थांबावंसं वाटतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. खात्यात असलं काही बोललं तर पोरं वर्षभर चिडवतात.

मग माझा जोडीदार मधुकर गेला. लाईन बंद होती. मीच बंद केली होती, मीच त्याला वर जा म्हणालो होतो. कुणीतरी आपल्या घरात जनरेटर चालू केला आणि त्याची वीज उलटी फिरून तारेत आली. मी खाली उभा होतो. याच्यापुढचं मला लिहिता येत नाही.

त्यानंतर वर्षभरानं मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सगळे म्हणाले, आता आराम करा. मी आराम करायला बसलो आणि त्याच वर्षी सगळ्यात जास्त थकलो. सकाळी उठायचं, पेपर वाचायचा, पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचा. काम करून येणारा थकवा जेवलं की उतरतो. हा उतरत नव्हता. अंगात ओली माती भरल्यासारखा तो बसून होता.

अशात मला वानखडे सरांच्या भिंतीवरचा फोटो आठवला. बोरी अरबच्या अलीकडच्या एका खेड्यात, बौद्ध वस्तीतल्या शेवटच्या घरी, त्याच्या सात-आठ वर्षं आधी मी लाईन जोडायला गेलो होतो. वीज आली, पंखा फिरला, आणि भिंतीवरचा फोटो हलला. एक माणूस तळ्याकाठी उभा होता. त्याच्याशेजारी रबरी नाव होती, नावेला तीन चाकं, मागं इंजिन आणि मोठा पंखा, आणि वर छपरासारखा पसरलेला तिकोनी कापडी पंख.

"हे काय हो, सर?"

"ट्राइक. पाण्यावरून बी उठते, जमिनीवरून बी उठते."

वानखडे सर हवाई दलात फिटर होते. तीस वर्षं त्यांनी विमानं दुरुस्त केली, उडवलं एकही नाही. निवृत्त झाल्यावर हट्टानं हे यंत्र उडवायला शिकले, मग मध्य प्रदेशातल्या एका तलावावर दुसऱ्यांना शिकवू लागले, आणि बायको वारल्यावर गावी परत आले. मी त्यांच्या दारात पुन्हा उभा राहिलो तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते आणि तूर निवडत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिथलं एक यंत्र विकाले हाये. पण रमेशभाऊ, तुमी कायले उडता?"

"वर बरं वाटते," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि सुपातले खडे वेगळे करत राहिले.

सुनंदाला, माझ्या बायकोला, मी विचारलं नाही. हे मी नीट लिहून ठेवतो, कारण त्या हिवाळ्याची गोष्ट सांगताना हे वगळायची मला सवय लागली आहे. ट्रक दारात उभा राहिला तेव्हा ती अंगणात कुरड्या वाळत घालत होती. ताडपत्री सुटली, नाव दिसली, पंखा दिसला. तिनं हात पुसले.

"हे काय आणलं?"

मी सांगितलं.

"इतकी वर्षं तुमी खांबावर होते अन् मी खाली," ती म्हणाली. "आता तुमी त्याच्याहून वर चालले. जा. पण मले काही सांगू नका. कधी जाता, कधी येता, काहीच नका सांगू."

आणि ती उरलेल्या कुरड्या घालू लागली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

परवानग्यांना वर्ष गेलं. कागद जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. अरुणावतीच्या धरणाकाठी सरांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची पडीक जमीन होती, तिथं पत्र्याचा आडोसा उभा केला. दिवाळी झाली, धरण तुडुंब होतं, रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली होती, आणि माझं शिक्षण सुरू झालं.

तो हिवाळा आठवतो तो आधी वासांनी. पेट्रोलमध्ये कालवलेल्या ऑईलचा वास, काठावरच्या सडलेल्या शेवाळाचा वास, हेल्मेटच्या आतला माझ्याच श्वासाचा वास. मग आठवते ती थंडी. जमिनीवर हुडहुडी आणि वर गेलं की दात वाजायचे. मी दोन स्वेटरवर सुनंदाच्या भावानं दिलेला जुना रेनकोट चढवायचो. हात दांड्यावर गोठून जायचे. खाली उतरल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागायची.

त्या दांड्यानं माझा जीव काढला. पंखाला आडवा एक दांडा असतो. त्यानंच सगळं चालतं, पण उलटं चालतं. उजवीकडे वळायचं तर दांडा डावीकडे ढकला. वेग वाढवायचा तर आपल्याकडे ओढा. पुढं लोटला तर नाक वर जातं आणि यंत्र मंदावतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या हातांना सायकल, मोटारसायकल, सगळ्याची सवय पक्की झालेली असते. मी डोक्यात उलट करायचो तोवर यंत्र भलतीकडे कललेलं असायचं, आणि मागच्या सीटवरून सरांचा हात माझ्या हातावर यायचा. ते ओरडत नसत. फक्त हात ठेवत. रोज तीस-चाळीस वेळा. संध्याकाळी खांदे इतके ठणकायचे की भाकरी मोडायला दोन्ही हात लागायचे.

"चाकं कुठं हायेत?" हा त्यांचा दुसरा धडा. जमिनीवर उतरताना चाकं खाली, पाण्यावर उतरताना वर. विसरून खाली राहिली की चाकं पाण्यात अडकतात आणि नाव पालथी होते. प्रत्येक वेळी उतरण्याआधी मी मोठ्यानं सांगायचं, चाकं वर, की चाकं खाली. माझ्या डोक्यात ते इतकं भिनलं की एकदा जेवता जेवता मी "चाकं वर" म्हणालो. सुनंदानं वरणाची वाटी पुढं सरकवली आणि काही विचारलं नाही. तिचं ते न विचारणं घरात तिसऱ्या माणसासारखं वावरत होतं.

तिसऱ्या आठवड्यात गिरजाबाई आल्या. आल्या म्हणजे वल्हं उगारूनच आल्या. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून त्या एकट्याच धरणावर मासे धरायच्या आणि दिग्रसच्या बाजारात विकायच्या. खताच्या पोत्यांत थर्माकोल शिवून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसलेल्या, नऊवारीचा काचा मारलेला. आमच्या उतरण्यानं उठलेल्या लाटेत त्यांचं जाळं गुंडाळलं गेलं होतं.

"पाणी काय तुमच्या बापाचं हाय? मोठे आले चिलगाडीवाले!"

आमच्याकडची म्हातारी माणसं विमानाला चिलगाडी म्हणतात. मला हसू आलं आणि लाजही वाटली. वानखडे सर मात्र पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, हात जोडले, आणि ते जाळं सोडवायला दोघं तासभर तिथं उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून गिरजाबाई जाळं टाकायच्या तिथं रिकाम्या बाटल्या तरंगत ठेवू लागल्या आणि आम्ही तेवढं पाणी सोडून उतरू लागलो.

मग त्या बघायला थांबू लागल्या. एक दिवस मी काठावर डोकं धरून बसलो होतो. त्या सकाळी सरांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळा माझ्या हातावर आला होता. सोडून द्यावं असं पहिल्यांदाच मनात आलं होतं.

"काय झालं, भाऊ?"

मी त्यांना दांड्याचं सांगितलं. उजवीकडे जायचं तर डावीकडे ढकलायचा वगैरे. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"यात का अवघड हाये? मी उजवीकडं वल्हं मारलं तर तराफा डावीकडं वळते. मले तं लहानपणापासून असंच दिसते. तुमी दांड्यानं गाडी वळवून राह्यले. गाडी नोका वळवू. पाणी ढकला."

वानखडे सर मागं उभे होते. ते हसले. "इतकी वर्षं शिकवून मी हे कोणाले सांगू शकलो नाही," म्हणाले. दुसऱ्या सकाळी मी दांडा नव्हे, वल्हं धरलं. हवा ढकलली. सरांचा हात त्या दिवशी दोनदाच आला.

पौषात, संक्रांतीच्या आसपास, सर एका सकाळी यंत्रातून उतरले आणि मागच्या रिकाम्या सीटचा पट्टा बांधून टाकला. मला कळलं. आज एकट्यानं जायचं होतं.

"सर, मले भेव लागून राह्यलं."

"लागू द्या. ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी मी शिकवणं बंद करीन."

मी एकटा वर गेलो. एका माणसाचं वजन कमी झालं तर यंत्र किती चटकन उठतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली पऱ्हाटीची पांढरी रानं, तुरीचे पिवळट पट्टे, मधून गेलेल्या माझ्या तारा. कोणता खांब कोणत्या साली उभा केला ते मला वरून ओळखता येत होतं. मधुकर जिथं गेला तो खांबही दिसला. इतर खांबांसारखाच होता. मी त्याच्यावरून सरळ गेलो, वळलो नाही. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं आलं असं म्हणता येईल, पण वारा अडवणारा चष्मा लावलेला होता.

परत येऊन धरणाकडे बघितलं. मी निघालो तेव्हा पाण्यावर बारीक लहरी होत्या. आता वारा पडला होता. धरण आरशासारखं झालं होतं. त्यात आभाळ होतं, एक ढग होता, आणि पाणी कुठंच नव्हतं. सरांनी याचीच भीती घातली होती. असं पाणी उंची लपवतं. माणसाला वाटतं अजून बरंच खाली आहे, आणि तो नाकावर आदळतो. नाहीतर वाटतं आलंच, आणि तो वरच यंत्र मंद करून दगडासारखा पडतो. काठच्या पडीक जमिनीवरही उतरता आलं असतं, पण तिथं नेमक्या कुणाच्या तरी म्हशी शिरल्या होत्या.

कानात सरांचा आवाज आला, रेडिओवर, नेहमीसारखा संथ. "काठाच्या बाजूनं या. पाण्याकडं पाहू नका, झाडाकडं पाहा. घाई नाही."

मी एक फेरी मारली. उतरायला लागलो, आणि अंदाज सुटला म्हणून पुन्हा वर गेलो. दुसऱ्या वेळीही तेच. इंधनाची नळी अर्ध्याखाली दिसत होती. तिसऱ्या फेरीला वळलो तेव्हा पाण्यावर काहीतरी हलताना दिसलं. गिरजाबाई तराफा घेऊन मी उतरायच्या वाटेवर निघाल्या होत्या. दोन्ही बाजूंनी वल्हं आपटत, पाण्याला झोडपत, आणि अधूनमधून पाठीमागं बघत त्या सरळ रेषेत चालल्या होत्या. त्यांच्या मागं आरसा फुटत गेला. आभाळाला सुरकुत्या पडल्या, आणि त्या सुरकुत्यांच्या खाली मला पाणी दिसलं. अगदी तिथं, जवळ, खरं पाणी. रेषेच्या टोकाला पोचून त्या बाजूला झाल्या आणि मी त्यांच्या लहरींवर उतरलो. चाकं वर होती. मी मोठ्यानं म्हणालोही होतो.

मी काठावर आलो. सर एका दगडावर बसले होते, रेडिओ मांडीवर. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी मातारा झालो," एवढंच म्हणाले. गिरजाबाई चिडलेल्या होत्या. "माहे मासे गेले न सगळे पळून! आता आज बाजारात का नेऊ?" त्या दिवशी मी त्यांचे हात पाहिले. तळवे वल्ह्यानं सोलले होते. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी वल्हंच मधे धरलं.

घरी आल्यावर मी सुनंदाला सांगितलं. सांगू नका असं ती म्हणाली होती, तरी सांगितलं. म्हशी, आरसा, तीन फेऱ्या, सगळं. ती म्हणाली, "मले माहीत हाये. मी रोज गच्चीवरून आवाज ऐकते. इंजिनचा आवाज आला की तुमी वर गेले हे समजते, बंद झाला की उतरले हे समजते. आज तीनदा जवळ आला अन् तीनदा लांब गेला." धरण आमच्या घरापासून इतकं लांब आहे की तो आवाज ऐकू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिला यायचा. आयुष्यभर माझ्या चाहुलीला कान लावून बसलेली बाई ती.

तो हिवाळा इतकाच. पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला, धरणाचं पाणी आत सरकलं आणि काठाला चिखल राहिला. नोकरीत एकदा खांबावरून पडून दुखावलेला माझा खांदा दांडा धरायला नकार देऊ लागला. वानखडे सर नागपूरला लेकीकडे गेले. फोनवर त्यांना आता माझा आवाज नीट ओळखू येत नाही. यंत्र कोकणातल्या एका खाडीवर गेलं. गिरजाबाई बाजारात दिसतात, मासे बांधून देतात, आणि चिलगाडीचं विचारत नाहीत. लोक मात्र अजून विचारतात, काय मिळालं हो त्यातून? मी थकून काहीतरी सांगतो. प्रत्येकाला वेगळं सांगतो.

खरं एकदाच घडलं, आणि ते सांगायला मला अवघड जातं.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी, फाल्गुनात, दुसऱ्या माणसाला बसवायची परवानगी आली. मी घरी काही बोललो नाही. त्या सकाळी सुनंदा स्वतःच मोटारसायकलजवळ येऊन उभी राहिली, पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला आवळून. काहून, असं विचारायची मला हिंमत झाली नाही. काठावर सरांनी तिला हेल्मेट चढवलं, पट्टे बांधले, आणि ती माझ्या मागं बसली. तिचे गुडघे माझ्या दोन्ही बाजूंना टेकले. पाणी लहरी लहरींचं होतं. आम्ही उठलो.

पळस फुलला होता. डोंगरांच्या उतारांवर जागोजागी शेंदरी डाग पडलेले होते. मी तिला दाखवू लागलो. हा पुसदचा रस्ता, ते आपलं घर, ती तुझी लहानपणची शाळा. उत्तर येईना. माझ्या पाठीला काहीतरी कठीण टेकलं, तिचं हेल्मेट. मला वाटलं तिला भोवळ आली. मी हाका मारल्या. मग एक हात मागं नेऊन तिचा हात धरला. तो गरम होता, सैल होता, आणि श्वास माझ्या पाठीवर संथ लागत होता.

ती झोपली होती.

तेवढ्या वाऱ्यात, इंजिनच्या तेवढ्या आवाजात, हजार फुटांवर, माझी बायको माझ्या पाठीवर डोकं टाकून गाढ झोपली होती. मला तिच्या झोपेचा तो श्वास ओळखू येईना. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता. मी घरी असलो की ती माझ्या आधी उठलेली असायची. मी ड्यूटीवर असलो की जागी.

उतरायचं ठरलं होतं तिथं मी उतरलो नाही. सरांनी रेडिओवर विचारलं, काय झालं. काही नाही, म्हटलं, थोडं थांबतो. मी दांडा अगदी हळू ढकलला, कुठंही हिसका बसू नये असा, आणि धरणावर मोठाल्या गोल फेऱ्या घेत राहिलो. खांदा जळत होता. इंधन संपेपर्यंत तिला कुणी उठवणार नव्हतं.